चिंताविकार का टिकून राहतो आणि त्यावर टप्प्याटप्प्याने उपचार कसे घ्यावेत

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेले की धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी मुलालाही तोंडपाठ असते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठच्या वस्त्यांमधली माणसे जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा पुन्हा मोबाईलवर पातळी पाहतात, कागदपत्रे माळ्यावर चढवतात, जनावरे उंचावर हलवतात. या चिंतेला काम असते, आणि पाणी उतरले की सहसा तीही उतरते. या लेखाचा विषय असलेली चिंता मात्र भर उन्हाळ्यात, नदी तळाला गेलेली असतानाही पहाटे तीन वाजता जागे करते आणि करण्यासारखे काहीच हाती देत नाही.

वैद्यकशास्त्रात या दोन्हींमधली रेषा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. निरनिराळ्या गोष्टींबद्दलची काळजी सहा महिन्यांहून अधिक काळ बहुतेक दिवशी मनात राहिली, ती आवरता आली नाही आणि तिच्यासोबत अस्वस्थता, थकवा, लक्ष न लागणे, चिडचिड, स्नायू आखडणे आणि झोपमोड या सहांपैकी किमान तीन लक्षणे असली, तर तिला सर्वसाधारण चिंताविकार म्हणतात. याशिवाय अचानक छातीत धडधड, श्वास कोंडणे आणि ‘आता जीव जातो’ अशी भीती घेऊन येणारा पॅनिक विकार, चारचौघांत बोलण्या-वावरण्याची तीव्र भीती आणि विशिष्ट वस्तूंची किंवा जागांची भीती हे याच कुटुंबातले विकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे ३०.१ कोटी लोकांना चिंताविकार होता आणि त्यांपैकी साधारण चौघांत एकालाच उपचार मिळत होते. भारतात २०१७ मध्ये ही संख्या सुमारे ४.५ कोटी होती.

उपचारांकडे वळण्यापूर्वी कारणांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण ‘मला हे कशामुळे झाले?’ या प्रश्नात रुग्ण आणि नातेवाईक वर्षानुवर्षे अडकून पडतात. या विषयावरचे संशोधन वाचताना माझे एक मत पक्के होत गेले आहे: चिंता सुरू कशामुळे झाली आणि ती टिकून कशामुळे राहिली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि उपचार प्रामुख्याने दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर काम करतात.

कारणांबद्दल संशोधन काय सांगते

अनुवंशाचा वाटा नक्की आहे, पण तो लोक समजतात तेवढा निर्णायक नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांचे २००१ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा सर्वसाधारण चिंताविकारात अनुवंशाचा वाटा सुमारे ३२ टक्के आणि पॅनिक विकारात सुमारे ४३ टक्के आढळला. हे आकडे लोकसमूहातल्या फरकांबद्दलचे आहेत. ‘माझी ३२ टक्के चिंता आईकडून आली’ असा त्यांचा अर्थ होत नाही. चिंतेचे असे एकच जनुक सापडलेले नाही. अतिशय अल्प परिणाम करणारी असंख्य जनुके मिळून कल घडवतात. हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपासून सुरुवात करून मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. नव्या आवाजाने आणि नव्या वस्तूंनी फार बिथरणारी बाळे साधारण पाचात एक होती, आणि अशा मुलांमध्ये पुढे सामाजिक भीतीचे प्रमाण अधिक दिसले. तरीही त्यांच्यातली बहुसंख्य मुले आजारी न पडताच मोठी झाली.

मेंदूत भीतीचे केंद्र म्हणून अमिग्डालाचे नाव सर्वत्र घेतले जाते. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने या सोप्या चित्राला तडा दिला. दुर्मीळ आजारामुळे दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या तीन व्यक्तींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगण्यास देण्यात आली. सापाला किंवा भयपटाला न घाबरणारी व्यक्तीही या प्रयोगात पॅनिकच्या झटक्याने हादरून गेली. बाहेरच्या धोक्याची भीती आणि शरीराच्या आतून उठणारी घबराट यांच्या वाटा पूर्णपणे एक नाहीत, हे त्यातून दिसले. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्यांनी चिंता कमी होते, हे खरे आहे. पण त्यावरून ‘मेंदूत सेरोटोनिन कमी पडल्यामुळे चिंता होते’ असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही, जरी दवाखान्यात समजावण्याच्या सोयीसाठी तो अजूनही सांगितला जातो.

बालपणातली मारहाण किंवा उपेक्षा, पूर, कर्ज, आजारपण, स्पर्धा परीक्षांची अनेक वर्षे या गोष्टी धोका वाढवतात. त्या बदलता आल्या तर जरूर बदलाव्यात. पण घडून गेलेले बदलता येत नाही. म्हणून टिकवून ठेवणाऱ्या कारणांकडे वळावे लागते.

येथे तीन संशोधकांचे काम कळीचे ठरले. मावरर यांनी १९४७ मध्ये मांडले की भीती एकदा जडली की ती टाळाटाळीवर जगते: भीतीची जागा टाळली की तत्काळ हायसे वाटते, आणि त्या हायसेपणाच्या बक्षिसामुळे टाळण्याची सवय घट्ट होते. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचे चक्र उलगडले. छातीत धडधडते, माणूस त्याचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावतो, त्या अर्थाने घाबरून धडधड आणखी वाढते, आणि वाढलेली धडधड त्या अर्थाला पुरावा म्हणून उभी राहते. पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ मध्ये एक अवघड कोडे सोडवले: शंभर वेळा घाबरूनही शंभर वेळा काहीच झाले नाही, तरी भीती का जात नाही? कारण माणूस प्रत्येक वेळी काहीतरी बचाव करतो. खिशात गोळी ठेवतो, बसमध्ये दाराजवळची जागा पकडतो, सोबत कोणाला तरी नेतो, घरच्या मशीनवर पाच वेळा रक्तदाब मोजतो. मग ‘काही झाले नाही’ याचे श्रेय त्या बचावाला जाते आणि भीती शाबूत राहते. घराघरात ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन मिळणारा दिलासा याच जातीचा आहे.

पहिला टप्पा: शरीराची तपासणी, एकदाच पण नीट

थायरॉइडचे अतिरिक्त स्रवण, रक्तक्षय, साखर अचानक उतरणे, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉलसारखे औषध यांमुळे हुबेहूब चिंतेसारखी लक्षणे होतात. दारू सोडताना पहिल्या काही दिवसांत होणारी थरथर आणि घाबरणे हेही त्यात धरावे. म्हणून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, साखर आणि ईसीजी या तपासण्या करून घ्याव्यात, आणि दिवसाचे चहाचे कप, मिश्री, तंबाखू, मावा, सिगारेट यांचा खरा हिशेब त्यांच्यापुढे मांडावा. तंबाखूने ‘डोके शांत होते’ असे वाटते, पण बराच भाग निकोटिन उतरल्यामुळे आलेली अस्वस्थता निकोटिननेच भागवण्याचा असतो.

छातीत प्रथमच दाबल्यासारखे दुखत असेल, दुखणे हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी थांबू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे. याउलट, एकदा सर्व तपासण्या व्यवस्थित आल्या आणि डॉक्टरांनी निश्चित सांगितले, की दर महिन्याला नव्या दवाखान्यात नवा ईसीजी आणि नवा टू-डी एको काढण्याची फेरी थांबवावी. ती फेरीसुद्धा वर वर्णिलेला बचावच आहे, आणि महागडा बचाव आहे.

दुसरा टप्पा: मोजमाप आणि नोंदवही

२००६ मध्ये स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत घाबरल्यासारखे किंवा अगदी काठावर असल्यासारखे वाटणे, काळजी थांबवता न येणे, निरनिराळ्या गोष्टींची फार काळजी करणे, निवांत होता न येणे, एका जागी बसवेनासे होणे, लवकर चिडणे आणि काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वाटणे, यांपैकी प्रत्येकाला ‘अजिबात नाही’साठी ० ते ‘जवळजवळ रोज’साठी ३ असे गुण द्यायचे. एकूण २१ पैकी ५, १० आणि १५ हे सौम्य, मध्यम आणि तीव्र यांचे उंबरठे मानले जातात. १० किंवा अधिक गुण आले तर तज्ज्ञांची भेट घ्यावी. ही चाचणी निदान करत नाही. पण दर दोन आठवड्यांनी तारखेसह गुण लिहून ठेवले, तर ‘काहीच फरक नाही’ या मनाच्या तक्रारीची शहानिशा करता येते.

याच वहीत आठवडाभर पाच रकाने भरावेत: वेळ आणि ठिकाण, शरीरात काय झाले, मनात नेमके कोणते वाक्य आले, चिंता शंभरपैकी किती होती, आणि मी काय केले. शेवटचा रकाना लोक आळसाने मोकळा सोडतात, आणि उपचाराची दिशा तर त्याच रकान्यातून मिळते. ‘घाबरलो’ एवढेच न लिहिता ‘दादाला फोन करून बोलावले’, ‘मोबाईलवर लक्षणे शोधली’, ‘शिरोली नाक्यावरच उतरलो’ असे लिहावे.

तिसरा टप्पा: श्वास

पॅनिकमध्ये माणूस नकळत वेगाने श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि त्यामुळे चक्कर, ओठांभोवती व बोटांत मुंग्या येणे ही लक्षणे होतात. ती धोकादायक नसतात. दिवसातून दोनदा, शांत असताना, पाच-दहा मिनिटे नाकाने हलका श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडण्याचा सराव करावा. मात्र प्रत्येक झटक्यात ‘आता श्वास नीट घेतला नाही तर मेलोच’ अशा घाईने तो वापरू लागलात, तर तोही खिशातल्या गोळीच्या जागी जाऊन बसतो. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये. दुखणे हृदयाचे किंवा फुप्फुसाचे निघाले तर तो घातक ठरू शकतो.

चौथा टप्पा: टाळलेल्या गोष्टींकडे परत जाणे

संपूर्ण उपचारात सर्वाधिक परिणामकारक आणि सर्वाधिक टाळला जाणारा टप्पा हाच आहे. समजा, राजारामपुरीत राहणाऱ्या एका शिक्षिकेला अंबाबाईच्या दर्शनरांगेत पॅनिकचा झटका आला. त्यानंतर तिने मंदिर सोडले, मग महाद्वार रोड सोडला, मग केएमटीची बस सोडली, आणि आता जाऊबाई सोबत असल्याशिवाय ती बाजारातही जात नाही. तिने प्रथम भीतीच्या प्रसंगांची चढती यादी करावी आणि प्रत्येकाला शंभरपैकी अपेक्षित भीती लिहावी. दुपारी जाऊबाईंसोबत भवानी मंडपात पंधरा मिनिटे बसणे ३०, तेथेच एकटीने बसणे ४५, आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी महाद्वार रोड एकटीने चालणे ५५, केएमटीत दारापासून दूर बसून रंकाळ्यापर्यंत जाणे ६५, गर्दी नसताना मुखदर्शन घेणे ७५, आणि शुक्रवारच्या मुख्य रांगेत उभे राहणे ९०, अशी ती यादी होईल.

प्रत्येक पायरीपूर्वी तिने आपले भाकीत लिहावे, आणि तेही तपासता येईल असे: ‘पाच मिनिटांत मला चक्कर येऊन मी पडेन.’ नंतर पायरी पार पाडून प्रत्यक्ष काय झाले ते लिहावे. पूर्वी असे शिकवले जाई की भीती निम्मी होईपर्यंत तेथे थांबलेच पाहिजे. मिशेल क्रास्के आणि इतरांच्या कामानंतर भर बदलला आहे: भीती उतरली की नाही यापेक्षा भाकीत खोटे ठरले की नाही, हे महत्त्वाचे आहे. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवे शिकणे तयार होते आणि सरावाने ते बळकट होते. म्हणून एकच पायरी निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या ठिकाणी आणि आठवड्यातून चार-पाच दिवस करावी. पाण्याची बाटली, गोळी, फोनवर चालू ठेवलेले संभाषण हे बचाव एकेक करून घरी ठेवावेत. पायरी अर्धवट सोडावी लागली तर आकाशपाताळ एक करू नये. दुसऱ्या दिवशी तिचा सोपा भाग करावा.

ज्यांची भीती शरीराच्या संवेदनांभोवती फिरते त्यांनी त्या संवेदना मुद्दाम निर्माण कराव्यात: एक मिनिट जागच्या जागी धावणे, खुर्चीवर गोल फिरणे, जिने भराभर चढणे. हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा गरोदरपण असेल तर हे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावेत. नियमित व्यायामाचा चिंतेवर चांगला परिणाम होतो, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते: रंकाळ्याभोवती झपाझप चालणाऱ्याला किंवा तालमीत जोर-बैठका मारणाऱ्याला धडधडणारी छाती रोजची ओळखीची होते.

एक अपवाद लक्षात ठेवावा. पॅनिकमध्ये रक्तदाब सहसा वाढतो, त्यामुळे शुद्ध हरपणे विरळा. पण रक्त किंवा सुई पाहून घाबरणाऱ्यांचा रक्तदाब खरोखर घसरतो आणि ते कोसळतात. त्यांच्यासाठी लार्स-योरान ऊस्त यांनी विकसित केलेली पद्धत आहे: सुई टोचण्यापूर्वी हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सोडायचे आणि पुन्हा आवळायचे.

पाचवा टप्पा: काळजीला ठरलेली वेळ

ज्यांची चिंता प्रसंगांपेक्षा विचारांत अधिक असते, त्यांच्यासाठी टॉमस बोर्कोवेक यांनी १९८० च्या दशकात तपासलेला उपाय उपयोगी आहे. रोज एकाच वेळी, एकाच जागी, अंथरुणापासून दूर आणि झोपेपूर्वी किमान दोन तास, अर्धा तास केवळ काळजीसाठी राखून ठेवावा. दिवसभरात आलेली काळजी एका ओळीत टिपून त्या वेळेवर ढकलावी. ठरलेल्या वेळी यादी घेऊन प्रत्येक ओळीपुढे ‘काही करता येईल’ किंवा ‘करता येणार नाही’ असे लिहावे. पहिल्या प्रकाराचे पुढचे पाऊल तारखेसह ठरवावे आणि दुसरा प्रकार अनिश्चित म्हणूनच सोडून द्यावा. हे सोडून देणे प्रारंभी असह्य वाटते, कारण अतिचिंतेच्या मुळाशी बहुधा अनिश्चितता सहन न होणे असते.

सहावा टप्पा: तज्ज्ञ कोण आणि त्यांना काय विचारावे

मानसोपचारतज्ज्ञ हे एम.डी. किंवा डी.पी.एम. झालेले डॉक्टर असतात आणि औषधे लिहू शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत, मानसोपचार करतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारण्यात संकोच बाळगू नये. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र कोणतेही शिक्षण असू शकते. बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी, सहसा १२ ते १६ साप्ताहिक बैठकांचा असतो. पहिल्याच भेटीत विचारावे: आपण टाळलेल्या प्रसंगांना सामोरे जाण्याचा सराव करून घेता का, आणि गृहपाठ देता का? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर दुसरे दार ठोठावावे. मराठीत अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचे शिक्षण घेतलेले उपचारकही याच परंपरेतले आहेत.

योग आणि ध्यानाबद्दल प्रश्न हमखास येतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २७६ प्रौढांवरच्या चाचणीत आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा (सजग ध्यानाचा) अभ्यासक्रम एस्सिटालोप्राम या चिंतेवरच्या औषधापेक्षा कमी पडला नाही. २०२० मधल्या दुसऱ्या चाचणीत सर्वसाधारण चिंताविकारात सीबीटीने सुमारे ७१ टक्के, कुंडलिनी योगाने ५४ टक्के आणि केवळ ताणाविषयी माहिती देणाऱ्या वर्गाने ३३ टक्के लोकांना उल्लेखनीय फायदा झाला. योग आवर्जून करावा, पण तीव्र आजारात केवळ त्याच्यावर विसंबू नये.

कोल्हापुरात खासगी उपचार परवडत नसतील तर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजेच सीपीआरमध्ये, केस पेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते; गावातून शहरात येणे अवघड असलेल्यांसाठी प्रारंभ करायला ही चांगली जागा आहे. जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील तर टप्पे बाजूला ठेवून त्याच दिवशी हा क्रमांक लावावा किंवा थेट रुग्णालयात जावे, आणि रुग्णाला एकटे सोडू नये. आरोग्यविमा असेल तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपनीने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमासंरक्षण देणे बंधनकारक आहे.

सातवा टप्पा: औषधे

आजार मध्यम किंवा तीव्र असेल, झोप आणि काम कोलमडले असेल, किंवा सीबीटी उपलब्धच नसेल, तर औषधे घेण्यात कमीपणा नाही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारखी सेरोटोनिनवर काम करणारी औषधे किंवा व्हेन्लाफॅक्सीन, ड्युलोक्सेटीन ही सहसा प्रथम निवडली जातात. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ व अस्वस्थता उलट वाढू शकते. ही गोष्ट आधी कोणी न सांगितल्यामुळे अनेकजण पाचव्या दिवशी गोळी बंद करतात आणि ‘मला औषध मानवत नाही’ असा कायमचा समज करून घेतात. लैंगिक इच्छा कमी होण्याचा दुष्परिणाम सामान्य आहे. तो डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा, पर्याय असतात. पंचविशीच्या आतील रुग्णांच्या मनःस्थितीकडे सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे.

अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. या गटातले पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले आणि अर्ध्या तासात आराम देण्याच्या गुणामुळे घरोघरी पोहोचले. तोच गुण त्यांचा दोषही आहे: काही आठवड्यांत सवय लागते, मात्रा वाढत जाते, आणि अचानक थांबवल्यास फेफऱ्यासारखे झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणून त्या दोन ते चार आठवड्यांपुरत्या द्याव्यात असे मार्गदर्शन आहे. ही दोन्ही औषधे एच-१ सूचीत असून चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी आहे. शेजारच्या काकूंच्या पाकिटातली ‘झोपेची अर्धी गोळी’ घेऊ नये. वर्षानुवर्षे घेत असाल तर स्वतःहून तोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी.

घरच्यांसाठी

‘कशाला एवढं मनाला लावून घेतोस?’ हे वाक्य मायेपोटी येते, पण त्याने रुग्ण गप्प होतो, बरा होत नाही. दुसऱ्या टोकाला, त्याच्या वाट्याची प्रत्येक अवघड गोष्ट वहिनीने किंवा आईने स्वतः उरकून टाकणे हेही टाळाटाळीला खतपाणी घालते. ‘मला काही होणार नाही ना?’ या प्रश्नाला दिवसातून वीस वेळा ‘नाही’ म्हणण्याऐवजी एकदा शांतपणे उत्तर द्यावे, आणि पुढच्या वेळी ‘वहीत लिहून बघूया का?’ असे विचारावे. हा बदल रुग्णाशी आधी ठरवून, त्याच्या संमतीने करावा. एका रात्रीत सोबत काढून घेणे क्रूरपणाचे होईल.

बरे वाटू लागल्यानंतर

औषधे बरे वाटू लागल्यापासून साधारण सहा ते बारा महिने चालू ठेवावीत आणि नंतर आठवड्या-महिन्यांच्या अंतराने कमी करावीत. कमी करताना चक्कर किंवा विजेचा सौम्य धक्का बसल्यासारखे वाटले, तर तो आजार परतल्याचा पुरावा मानू नये. वेग मंद करण्यासाठी डॉक्टरांशी बोलावे. त्यासाठी काळही निवडावा: मुलाची बारावी, घरातले लग्न किंवा नदीकाठी राहणाऱ्यांसाठी पावसाळा हे मुहूर्त टाळावेत. चिंता पुन्हा डोके वर काढेल हे गृहीतच धरावे. तसे झाले की वही उघडून शेवटच्या रकान्यात कोणता बचाव परत आला आहे ते शोधावे, यादीत दोन पायऱ्या खाली उतरून सराव सुरू करावा, आणि जीएडी-७ चे गुण लागोपाठ दोन मोजण्यांत १० च्या वर राहिले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता भेटीची वेळ घ्यावी.